न चुकवलेली गोळी

"आजी, तुम्ही गोळ्या नीट घेत नाही," संगणकावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले.

मावशी खुर्चीत ताठ झाल्या. छापखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी तिथे प्रुफं तपासली होती. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ करायची गोळी घ्यायची होती. तपासणीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. गेल्या महिन्यापर्यंत तो बरोबर येत होता. आज आला होता दीड, म्हणजे रक्त हवं तेवढं पातळ नव्हतं.

"एकही चुकवलेली नाही."

"सगळे असंच म्हणतात." डॉक्टरांनी मावशींच्या लेकीकडे वळून सांगितलं, "डोस वाढवलाय. लक्ष ठेवा. या वयात विसरायला होतं."

घरी आल्यावर लेकीनेही चाचरत विचारलं, "आई, खरंच घेतेस ना गं?"

मावशींनी रिकामी पाकिटं तिच्यासमोर आपटली. प्रत्येक गोळीमागे मावशींनी बारीक अक्षरात ती घेतल्याची तारीख लिहिली होती. एकही गाळलेली नव्हती. लेकीने मान खाली घातली.

"आता मान खाली नको घालूस. महिन्याभरात काय नवीन झालं ते आठव."

नवीन होता फ्रिजवर चिकटवलेला कागद. त्याच इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी अशक्तपणावर दिलेला: रोज दोन्ही वेळा वाटीभर हिरवी पालेभाजी. मावशींना पालकाचा वासही नकोसा, तरी महिनाभर नाक दाबून त्यांनी तो गिळला होता. मग त्यांनी गोळ्यांच्या डब्यातलं घडी घातलेलं पत्रक काढलं आणि भिंग घेऊन मुंगीएवढी अक्षरं वाचली. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर. रक्त गोठायला ते लागतं. गोळी नेमकी त्याच्याच विरोधात काम करते. ते अचानक वाढलं तर गोळीचा जोर कमी पडतो.

"यांनीच गोळी दिली, यांनीच पालक दिला, आणि चोर मी!"

"आजपासून पालक बंद," लेक म्हणाली.

"थांब. आधी त्यांना विचारू. पुन्हा माझ्यावरच शेकायचं."

दुसऱ्या दिवशी मावशींनी पत्रक आणि आहाराचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. "हा पालक बंद करू का?"

डॉक्टर पहिल्यांदाच नीट बघू लागले. "एकदम बंद नको! डोस कालच वाढवलाय. आता पालक थांबवलात तर रक्त फार पातळ होईल, रक्तस्रावाची भीती. पालेभाजी खा, पण रोज साधारण तेवढीच. गोळी आपण त्यावर बसवू. आठवड्याने पुन्हा तपासू."

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तोंड दुखलं असतं का?"

आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांची खोली पंधरा पावलांवर. कागद बघून त्यांचा चेहरा पडला. "यांना ही गोळी चालू आहे हे मला कळवलंच नव्हतं. पण मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं, मावशी."

मावशींनी मान डोलावली आणि डॉक्टरांकडे वळल्या. "माझ्या केसपेपरवर काल काय लिहिलंत?"

"'गोळ्या अनियमित.' राहू द्या हो, त्याने काय फरक पडतो?"

"उद्या दुसरा डॉक्टर तेच वाचेल आणि मला विसराळू म्हातारी ठरवेल. खोडा ते."

ओठ घट्ट मिटून डॉक्टरांनी ती ओळ खोडली. त्या जागी काय लिहायचं, ते मावशींनी शब्दन् शब्द सांगितलं.

दर आठवड्याला तपासणी झाली आणि तीन आठवड्यांनी आकडा दोन पूर्णांक आठ आला. डॉक्टर "छान" म्हणाले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. बाहेर येताना मावशींचा चेहरा रागाने लालच होता. लेक रिक्षा बघायला निघाली, तर मावशी बाकावर बसलेल्या गृहस्थांजवळ जाऊन टेकल्या.

"भाऊ, तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी आहे का?"

"आहे की."

"आणि पालेभाजीचं काही सांगितलंय कुणी?"

"नाही बुवा."

"मग ऐका," मावशी म्हणाल्या, आणि दारातून डॉक्टरांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवला.