उजव्या हातातला सिगार

एकोणीसशे सव्वीस सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर बाल्दोमेरोने कमरेच्या किल्ल्या काढून सिगार मुरवायच्या, सीडरच्या लाकडाने मढवलेल्या खोलीचं दार उघडलं, आतून एक सिगार आणला, स्वतःच्या हाताने त्याचं टोक कापलं आणि लेआंद्रोपुढे धरला.

“ओढा,” तो म्हणाला. “मग बोलू.”

लेआंद्रो सान अँतोनिओ गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. श्वासावर पोट असलेला माणूस. तंबाखूला त्याने जन्मात हात लावला नव्हता. त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा कोट घालून तो बाल्दोमेरोची मुलगी अंपारो हिला मागणी घालायला आला होता. बाल्दोमेरोच्या सिगारच्या कारखान्यात आम्ही दहा-बारा माणसं कामाला होतो आणि रविवारी सगळ्यांचं जेवण मालकाकडेच असायचं. त्यामुळे जे झालं ते सगळ्यांसमोर झालं.

सिगार हातात घेताच लेआंद्रोच्या नाकपुड्या आक्रसल्या. तो वास आम्हाला तर टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही आला. वळणाऱ्याच्या हातून नुकताच उतरलेला सिगार ओढता येतो. कारागीर तसाच ओढतात. पण पुढे काही महिने तो आजारी पडतो. आतली पानं अजून आंबत असतात, आणि त्याला तबेल्यातल्या ओल्या गवतासारखा उग्र वास मारतो, डोळ्यांत पाणी आणणारा. तेव्हा त्याला कुणी शिवत नाही. सीडरच्या कपाटात, अंधारात, गप्प पडू द्यायचा. वर्ष-दोन वर्षांनी तो बरा होतो, मग गोड होतो. कुठला केव्हा बरा झाला हे ओळखणारं नाक आमच्या भागात एकच होतं, आणि ते बाल्दोमेरोचं. हवानाचे व्यापारी त्याच्या मालासाठी येत त्याहून जास्त त्या नाकासाठी येत.

त्याने लेआंद्रोला दिला तो आजारी सिगार होता.

अंपारो कॉफीचे पेले घेऊन दारातच थांबली. एकवीस वर्षांची होती. गुरुवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिनेच लेआंद्रोला बजावलं होतं, “पापा काहीही देवोत, चांगलं म्हण. जीव गेला तरी चांगलं म्हण.” कारण आदल्या वर्षी निकासिओ नावाचा एक मुलगा आला होता. त्याने पहिल्याच झुरक्याला तोंड वाकडं करून “याला वास येतो” असं सांगितलं, आणि बाल्दोमेरोने त्याला फाटकापर्यंत हाकललं होतं. माझ्या घरात बसून माझ्या मालाला नावं ठेवतो!

लेआंद्रोने झुरका घेतला. खोकला गिळला. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी ओघळून कॉलरवर पडलं.

“कसा आहे?”

“उत्तम आहे, मालक.”

“चव कसली लागते?”

लेआंद्रोने दाराकडे पाहिलं. अंपारोने डोळे मिटून घेतले.

“मधाची,” तो म्हणाला.

बाल्दोमेरो खुर्चीत रेलला. त्याने हळूच एलिहियोकडे मान वळवली. एलिहियो आमच्यातला सर्वांत जुना वळणारा.

“एलिहियो, अंगणात घोडा बांधलाय का बघ रे जरा.”

एलिहियो खरोखर उठून बघून आला. “नाही मालक. घोडा नाही.”

“मग हा मध कुठून झिरपतोय?”

सगळे हसले. खुर्च्या हलेपर्यंत हसले. बाल्दोमेरोची बहीण तोमासा, जी वहिनी गेल्यापासून घर सांभाळायची, ती तर हातरुमालाने डोळे पुसत होती.

“ऐका, वाजंत्री,” बाल्दोमेरो म्हणाला. “जो माणूस माझ्या तोंडावर घोड्याच्या मुताला मध म्हणतो, तो उद्या माझ्या मुलीला काय काय सांगेल? आता तो संपवा. आमच्या घरात दिलेला सिगार कुणी अर्धा टाकत नाही.”

लेआंद्रोने तो संपवला. बोटं भाजेपर्यंत. मग उठून, वाकून नमस्कार करून गेला, आणि फाटकाबाहेर भिंतीला धरून ओकला. तेही आम्ही ऐकलं.

“आणि तुला एवढी घाई कसली?” बाल्दोमेरो मुलीला म्हणाला. “अजून मुरायचीस तू.”

दर वर्षी कुणीतरी तिच्या लग्नाचं विचारायचं आणि तो हेच सांगायचा, मुरू दे अजून. हळूहळू कुणी विचारेनासं झालं.

सीडरच्या खोलीत अंपारो बाराव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली काम करायची. तंबाखू वास पिते, म्हणून तिला साबण साधा, केसांना तेल नाही, अत्तर तर नाहीच. रोज सकाळी दारात बाल्दोमेरो तिची मान हुंगायचा, मगच आत सोडायचा. एकदा मैत्रिणीच्या लग्नातून संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा एक थेंब कानामागे लावून आली, तर सगळ्यांदेखत तिला अंगणातल्या हौदावर बसवून तोमासाकडून घासून घेतलं होतं.

त्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर एक पेटी होती. आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप चांगल्यातल्या चांगल्या पानांचे सिगार वळवून ठेवतो, आणि ती पेटी तिच्या लग्नात फोडतो. अंपारोच्या पेटीवरची धूळ ती स्वतःच पुसायची.

बाल्दोमेरोला पंचेचाळीसच्या हिवाळ्यात मोठा ताप आला. त्यातून उठल्यावर एका सकाळी अंपारो दाराशी उभी राहिली तेव्हा तिच्या हातांना, मानेलाही सुवासिक साबणाचा वास होता. आजाऱ्याचे कपडे धुताना तोमासाने हाताला येईल तो साबण दिला होता. बाल्दोमेरोने मान हुंगली आणि म्हणाला, “चल आत.”

ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात हवानाचा व्यापारी आला. बाल्दोमेरो दोन पेट्यांपुढे उभा राहिला, एकीतला सिगार उचलला, नाकाशी नेला, आणि पुन्हा एकदा नेला. अंपारोने पुढे होऊन दुसऱ्या पेटीतला सिगार उजव्या हाताने त्याच्यापुढे धरला.

“हा,” बाल्दोमेरो म्हणाला. “हा झालाय.”

तेव्हापासून ती तयार माल उजव्या हाताने द्यायची, कच्चा डाव्या. बापलेकींत यावर कधी एक शब्द झाला नाही. तो नाकाशी नेई, डोळे मिटी, मान डोलावी. व्यापारी म्हणत, म्हाताऱ्याचं नाक तापाने आणखी धारदार झालं. नाक गेलंय हे माहीत होतं फक्त एलिहियोला. त्याची जागा खोलीच्या खिडकीसमोर होती.

असं दीड-दोन वर्षं चाललं.

सत्तेचाळीस साली बाल्दोमेरोच्या नावाच्या संताचा दिवस आला, आमच्याकडे तो वाढदिवसासारखा करतात. भाजलेलं डुक्कर, भात, काळा घेवडा. हवानाचे दोन व्यापारीही आले होते. बाल्दोमेरो रंगात होता. जेवण झाल्यावर त्याने टेबलावर थाप मारली.

“आज अंपारोची पेटी फोडू या.”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“अरे, असे काय बघता? तिचं लग्न काही आता व्हायचं नाही. बेचाळीस वर्षांच्या बाईला कोण नेतो? आणखी ठेवली तर कीड लागून पेटीला भोकं पडतील. बाई वाया गेली ती गेली, सिगार कशाला घालवायचे?”

“बाल्दो,” तोमासा म्हणाली.

“काय बाल्दो? खोटं आहे का? जा गं, काढ. माझा गुडघा चढू देत नाही.” त्याने किल्ल्या काढून टेबलावरून तिच्याकडे सरकवल्या. बोलण्याचा सूर वीस वर्षांपूर्वीचाच. “आणि संभाळून. तेवढंच लग्न आहे तुझं.”

एक व्यापारी हसला आणि मग हसू नये असं वाटून गप्प झाला.

अंपारो खोलीत गेली. तिला यायला वेळ लागला. आली तेव्हा पेटी काखेत होती. तिने ती टेबलावर ठेवली, सील फोडलं, आणि एकेकाला सिगार दिला. मग बापाजवळ गेली. त्याच्या सिगारचं टोक तिने आधीच कापलेलं होतं.

तिने तो उजव्या हाताने पुढे केला.

बाल्दोमेरोने त्या हाताकडे पाहिलं. सिगार घेतला, नाकाखालून नेला, डोळे मिटले. तिने काडी ओढून धरली.

“अहाहा,” तो म्हणाला. “ऐका. चव अशी ऐकावी लागते. आधी सीडर. मग कोको. आणि मागून...”

तबेल्यातल्या ओल्या गवताचा तो वास टेबलभर पसरला. एका व्यापाऱ्याने आपला सिगार खाली ठेवला. दुसऱ्याने खुर्ची मागे सरकवली. तोमासाने हातरुमाल नाकाला लावला आणि भावाकडे बघितलं, मग भाचीकडे.

“...मागून मध,” बाल्दोमेरो म्हणाला.

एलिहियो उठला. आता त्याची कंबर वाकली होती. तो सावकाश दारापर्यंत गेला, अंगणात डोकावला, आणि परत येऊन खुर्चीमागे उभा राहिला.

“अंगणात घोडा नाही, मालक.”

कुणी हसलं नाही. बाल्दोमेरोने डोळे उघडले. तो एलिहियोकडे बघत राहिला, मग व्यापाऱ्यांच्या तोंडांकडे, आणि सर्वांत शेवटी मुलीच्या उजव्या हाताकडे. तो हात टेबलावर पालथा पडला होता. शेजारी किल्ल्या होत्या.

त्याने सिगार पुन्हा तोंडाला लावला. आमच्या घरात दिलेला सिगार कुणी अर्धा टाकत नाही. तो संपेपर्यंत टेबलावरून कुणी उठलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं होतं असं आम्ही धरून चाललो. अंपारोने किल्ल्या उचलून कमरेला लावल्या आणि कॉफी आणायला गेली.

त्या पेटीतल्या सिगारांना, खरं सांगायचं तर, काही चव राहिली नव्हती. फार ठेवले होते. नुसती ऊब लागायची.

बाल्दोमेरो त्यानंतर चार वर्षं जगला. जेवण झालं की अंपारो त्याच्यापुढे सिगार हाताने न देता बशीत ठेवायची, दोन, एक तयार आणि एक कच्चा, शेजारी शेजारी. तो एक उचलायचा, उलटसुलट करायचा, आणि परत ठेवायचा. मरेपर्यंत त्याने पुन्हा सिगार ओढला नाही.

एलिहियो त्या जेवणाच्या वर्षीच काम सोडून बहिणीकडे गेला आणि तिथेच वारला. तोमासा भावाच्या मागोमाग गेली. निकासिओने भाजीची गाडी टाकली. अंपारोच्या फाटकावरून जाताना तो ओरडायचा थांबायचा, आणि पुढे गेला की पुन्हा सुरू करायचा. लेआंद्रोने सिएनफुएगोसला एका विधवेशी लग्न केलं. त्याला तीन मुली झाल्या. मागणी घालायला आलेल्या मुलांना तो म्हणे एखादं गाणं म्हणायला सांगायचा, आणि कसंही म्हटलं तरी चालायचं.

कारखाना अंपारोने चालवला. नाक तिचंही बापासारखंच होतं, माल एक दिवस आधी बाहेर पडत नसे की एक दिवस उशिरा. पण सीडरच्या खोलीत जाण्याआधी ती रोज सकाळी आरशासमोर बसायची आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी कानामागे, मानेला, दोन्ही मनगटांना लावायची. भरपूर. वर्षभरात सगळ्या फळ्यांना आणि सगळ्या मालाला तो वास बसला. व्यापारी आधी विनवून गेले, मग रागावून गेले, मग एकेक करून यायचे बंद झाले.

आम्हीही सांगून पाहिलं. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी दारातून आत जाताना क्षणभर थांबायची, मान किंचित पुढे करून, आणि मग आत जायची.