दारं धरणारा

शिला नाशिकहून वस्तू पाठवायची, स्वतः यायची नाही. दोन वर्षांत उत्तमसिंगाच्या तांड्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात विजेची किटली आली, भात झाला की आपला आपण बंद पडणारा कुकर आला, गुडघ्याला शेक देणारा पट्टा आला. कुरिअरवाला हट्टा गावातून फोन करायचा, उत्तमसिंग जाऊन खोकं घेऊन यायचा आणि संध्याकाळी शिला फोनवर ती वस्तू कशी चालवायची ते सांगायची. लाल दिवा लागला का? लागला. आता पाणी वरपर्यंत भरू नका. बरं. बापलेकीचं बोलणं एवढंच. लग्नानंतर नाशिकला दवाखान्यात नर्स असलेली ही मुलगी परक्या पेशंटशीसुद्धा याहून चार शब्द जास्त बोलत असेल हे त्याला कळत होतं, आणि ती अशी का वागते हेही पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नानीबाई तीन दिवस तापानं पडून होती. शिलानं फोनवर बजावलं होतं, "बापू, आईजवळून हलू नका. गाडी करा आन् हिंगोलीला न्या." गाडी सांगितलीही होती, पण ती यायला तासभर अवकाश होता, आणि तेवढ्यात अकराला लाईट आली. गहू सुकायला लागला होता. "एवढे दोन वाफे भरून येतो," असं नानीबाईला सांगून तो शेताकडे गेला, आणि परत आला तेव्हा दारात बायका जमलेल्या होत्या. शिला मातीला आली, तेरा दिवस राहिली, बापाला लागेल असा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. जाताना पाया पडली आणि एस.टी.त बसली, आणि त्यानंतर ही खोकी यायला लागली. उत्तमसिंगाला तिची माफी मागायची होती, दुसरं काहीही नको होतं. दर फोनला तो मनाशी ठरवून बसायचा, आणि दर फोनला त्याची गाडी लाल दिव्यापाशीच अडायची.

गेल्या पावसाळ्यानंतर आला तो मोटरीचा मोबाईल स्टार्टर. वसमतच्या मेकॅनिकनं तो विहिरीवर बसवून दिला. त्या पेटीत सिमकार्ड होतं; लाईट आली की पेटी स्वतःच मालकाला फोन लावायची आणि एक बाई स्वच्छ शहरी मराठीत सांगायची, "वीज आली आहे. मोटर सुरू करण्यासाठी एक दाबा. बंद करण्यासाठी दोन दाबा." त्या दिवशी शिला फोनवर म्हणाली, "हे आधीच घ्यायला पायजे होतं." उत्तमसिंग हं म्हणाला. मग फोन ठेवला गेला.

पण वस्तू मोठी गुणाची निघाली यात वाद नाही. शेत तांड्यापासून दीड किलोमीटरवर, आणि लाईटचा आठवडा कधी दिवसाचा, कधी रात्रीचा. या वयात तीन-तीन खेपा घालून त्याचे गुडघे कामातून गेले होते. आता खाटेवर बसल्या बसल्या एक दाबलं की हळदीला ठिबकचं पाणी सुरू व्हायचं, चार तासांनी पेटीला फोन लावून दोन दाबलं की बंद. मधल्या वेळात किटलीतला चहा, शेकाचा पट्टा, दुपारची निवांत झोप. महिन्याभरात अंगावर मूठभर मांस चढलं. इतकं सुख त्याला अख्ख्या जन्मात लाभलं नव्हतं, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

शेताकडच्या खेपा बंद झाल्या तशी त्या वाटेवरची माणसंही बंद झाली. बांधाला बांध असलेला वसराम हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. तो आपल्या शेतातल्या आखाड्यावरच, गोठ्याशेजारच्या खोपीत राहायचा, आणि पूर्वी उत्तमसिंगाचा चहा रोज तिथं ठरलेला असायचा. आता घरच्या घरी चहा होत होता, मग दीड किलोमीटर कोण तुडवणार? दिवसभरात त्याच्याशी बोलणारी एकच बाई उरली होती, ती स्टार्टरमधली. कधीकधी तिचं सगळं बोलून होईपर्यंत तो बटणाला हात लावायचा नाही, आणि मग स्वतःलाच हसायचा.

शेतात जावं लागायचं ते फक्त गव्हासाठी. गव्हाला ठिबक नव्हतं, पाटाचं पाणी होतं. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, असं वाफ्यामागून वाफा करत पाण्याबरोबर पुढं सरकायचं. याला दारं धरणं म्हणतात. त्याला माणूस लागतो. तिथं माणूस नसला की पाणी वाफे फोडून वाट फुटेल तिकडं जातं.

जानेवारीत नेमकी हीच चूक झाली. आदल्या दिवशी त्यानं विहिरीवर जाऊन पाण्याचा कॉक हळदीकडून गव्हाकडं फिरवून ठेवला होता, सकाळी जाऊन दारं धरायची म्हणून. सकाळी गुडघा ठणकत होता, पट्टा लावून तो पडला होता, फोन वाजला आणि रोजच्या सवयीनं त्यानं एक दाबलं. दोन कप चहा झाला. पेपर वाचून झाला. दीड तासानं एकदम आठवण झाली. कॉक गव्हाकडं होता आणि गव्हात कोणी नव्हतं. वाफे फुटून पाणी आतापर्यंत वसरामच्या हरभऱ्यात घुसलं असणार, आणि हरभरा तर काढणीला आलेला. त्यानं घाईघाईनं दोन दाबलं आणि वसरामला फोन लावला.

"वसराम, पाणी आलं का रे तुझ्यात?"

"माझ्यात काहून येईल?" वसराम म्हणाला. "अन् मोटर काहून बंद केलीस? शेवटचा वाफा राहिला ना तुझा."

"तुला काय माहीत शेवटचा राहिला म्हणून?"

"आता समोर दिसून राहिलं की. सकाळधरून दारं धरून राहिलास, मी काय आंधळा हाव?" वसराम हसला. "पण मर्दा, दोन्ही हातांत फावडं, आन् बोलून राहिलास माझ्याशी. ते कानात घालायचं यंत्रबी धाडलं का पोरीनं?"

उत्तमसिंगाच्या डाव्या हातात फोन होता, उजव्यात चहाचा कप. समोर घराची भिंत होती आणि भिंतीवर नानीबाईचा फोटो.

"वसराम," तो हळूच म्हणाला, "नीट पाह्य. कोन हाय तो?"

"दिवसा चढली का तुला? मोटर चालू कर, वाफा कोरडा राहून राहिला. थांबलास बघ कसा, पाटाकडं पाहून राहिलास."

फोन ठेवून उत्तमसिंगानं चहाचा कप खाली ठेवला. पायात चपला घालून सरळ शेतात जावं, हे कोणालाही सुचलं असतं, आणि त्यालाही सुचलं. पण तिकडं कोणीतरी फावडं टेकून पाण्याची वाट पाहत उभं आहे, गहू कोरडा राहतो आहे, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. त्यानं फोन उचलला आणि एक दाबलं. अर्ध्या तासानं पेटीचा फोन आला. "मोटर बंद झाली आहे." त्यानं ती बंद केली नव्हती. विहिरीवरचं बटण कोणीतरी हातानं दाबलं होतं.

त्याला भीती वाटली असं म्हणणं खरं होणार नाही. उलट पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, पाठीवरचं ओझं कोणी न सांगता उतरवून घेतल्यावर वाटतं तसं. पुढच्या आठवड्यात गव्हाची पाळी आली तेव्हा तो मुद्दाम घरीच राहिला आणि एक दाबून वाट पाहत बसला. दुपारी पेटीचा फोन आला. मोटर बंद झाली आहे. त्यापुढच्या आठवड्यातही तसंच झालं. कॉक कोण फिरवत होतं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. किराणा दुकानात भेटलेला तातेराव म्हणाला, "यंदा तुमचा गहू म्हंजे एक नंबर हाय भाऊ. एक रोप आडवं न्हाई." त्यानं मान डोलावली. कौतुक कानाला गोड लागत होतं, फक्त ते कोणा दुसऱ्याचं आहे असं मन आतून सांगत होतं. आपण होऊन कोणाला काही सांगायला तो गेला नाही. सांगणार तरी काय होता?

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिलाचा फोन आला. नवं खोकं नव्हतं, काही चालवायला शिकवायचं नव्हतं. तरी ती बोलत राहिली, आणि तिचा आवाज लग्नाआधी होता तसा लागत होता.

"बापू, परवा वसरामकाकाच्या फोनवरून बोललात ना तुमी, तवापासून मला झोप चांगली येऊन राहिली."

उत्तमसिंगानं उकळती किटली बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

"मला वाटलं नव्हतं तुमी कवा बोलताल म्हणून," ती म्हणाली, आणि जरा रडली. "मी बी लई कठीण केलं मन. आईलाबी आवडलं नसतं. जाऊ द्या आता. रविवारी येऊन राहिले मी. दोन दिवस राहीन."

मी काय बोललो, असं विचारायला त्याची जीभ वळवळत होती. दोन वर्षं जे शब्द त्याला सापडले नव्हते ते कोणाला तरी सापडले होते, आणि ते कोणते हे विचारलं असतं तर सगळं त्याच क्षणी मोडलं असतं. त्यानं डोळे मिटून घेतले. "ये पोरी," एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र तो ढसाढसा रडला. सुटका झाली म्हणून रडला, आणि ती सुटका आपल्या हातून झाली नाही म्हणूनही रडला.

रविवारी त्यानं घर झाडून काढलं, नानीबाईच्या फोटोला हार घातला, किटली घासून लख्ख केली. अकराची एस.टी. रस्त्यावर थांबल्याचा आवाज तांड्यापर्यंत आला. रस्त्याला लागून शेत, शेतापासून तांडा, म्हणजे अर्ध्या तासात शिला दारात हवी. बारा वाजले, साडेबारा झाले. त्यानं दोनदा पाणी उकळून ठेवलं. एक वाजता फोन वाजला तो पेटीचा. "मोटर सुरू झाली आहे," ती बाई म्हणाली. त्यानं काहीच दाबलं नव्हतं.

तेव्हा तो उठला. कित्येक आठवड्यांनी ती वाट चालताना गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. ओढा ओलांडला, चिंचा मागे पडल्या, आणि वसरामच्या शेतातून धूर दिसला, पाठोपाठ भाजलेल्या ज्वारीच्या कणसांचा वास आला. बांधाशेजारी हुरड्याची आगटी पेटलेली होती. वसराम कणसं भाजत होता. त्याच्याजवळ पोत्यावर शिला बसली होती, आणि ती हसत होती. आई गेल्यापासून तिला हसताना त्यानं पाहिलं नव्हतं. हातातलं कणीस चोळता चोळता ती गव्हाकडं पाहून मोठ्यानं काहीतरी बोलत होती, आणि गव्हात, त्यांच्याकडं पाठ करून, एक म्हातारा माणूस फावड्यानं माती ओढत होता. अंगात उत्तमसिंगाचाच निळा सदरा होता. हात घाईचे नव्हते. एक वाफा बुजवला, दुसरा फोडला.

उत्तमसिंग बांधावर येऊन उभा राहिला. त्याला हाक मारायची होती. शिला म्हणायचं होतं.

वसरामनं वर पाहिलं. "या पाव्हणं," तो मोकळेपणानं म्हणाला. "या, बसा. हुरड्याजवळून कोनी तसंच जात नसतं."

शिलानं सरकून पोत्यावर जागा केली. गरम दाणे ओंजळीत घेऊन फुंकर मारली आणि त्याच्या हातावर ठेवले. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, भल्या घरची लेक वयस्क वाटसरूकडं पाहील तशा मायेनं, आणि त्या नजरेत ओळख नव्हती.

"लांबून आलात वाटते," ती म्हणाली. "आमच्या बापूंचा एवढा वाफा होऊ द्या, मग ते बी येतील. त्यांना मानसं लई आवडतात."

आपण बोललो तर काय होईल हे त्याला कळत होतं. तिचं हसू जाईल. तिची झोप जाईल. त्यानं दाणे तोंडात टाकले आणि घास गिळून म्हणाला, "गहू चांगला ठेवलाय."

"व्हय ना," शिला कौतुकानं म्हणाली. "हात हाय त्यांचा."

गव्हातला माणूस तिकडं तोंड करूनच, न थांबता म्हणाला, "शिला, पाणी दे त्यांना आधी. दमून आले आसतील." तो आवाज उत्तमसिंगाचाच होता, फक्त आपला आवाज इतका मऊ कधी होता हे त्याला माहीत नव्हतं.

शिलानं तांब्या पुढं केला. तो पाणी प्यायला, ओलं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"कोन्या गावचे तुमी?" तिनं विचारलं.

उत्तमसिंग बराच वेळ आठवत राहिला.