टेकडीवरचे हरकतदार

रादोस्तिननं लोखंडी पट्टी मेलेल्या माणसाच्या हनुवटीखाली सरकवली आणि जोर लावून वर ढकलली. हनुवटी निघाली, अर्धी मिशी निघाली, नाकापाशी पट्टी अडली. खळ घरी शिजवलेली होती. तिला ठेकेदाराच्या गोंदासारखं चिकटल्याचं सोंग करता येत नव्हतं.

"माझ्या नवऱ्याला खरवडतोयस तू," मागून आवाज आला.

त्सोंका म्हातारी उभी होती. डोक्याला काळा रुमाल, पायात गमबूट, हातात खळीचा डबा. काखेत नवऱ्याच्या, येन्चोच्या, फोटोंची गुंडाळी.

"आजी, हा सरकारी नकाशा आहे. हा कागद मी कालच काढला होता."

"कालच लावला होता मी."

कामेनक गावातल्या एकुलत्या एक दुकानासमोर हा फळा होता, आणि फळ्यावर नव्या वाटेचा नकाशा. ब्रेझिना शहरातल्या बागेतून निघायचं, कामेनक आणि लिपोवो ही दोन गावं घ्यायची आणि डोंगरातल्या राखीव वनात पोचायचं. वाट सगळ्यांची. सायकलवाले, पायी चालणारे, घोडेवाले, बाबागाडी ढकलणारे. नकाशाच्या कोपऱ्यात त्या सगळ्यांची चित्रं होती. कामेनकमध्ये शेवटची बाबागाडी कधी दिसली हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं. पण युरोपचा पैसा बाबागाडी असल्याशिवाय सुटत नाही.

नकाशा महिनाभर लावायचा, लोकांच्या हरकती आणि सूचना घ्यायच्या, असा नियम. एकही हरकत आली नाही तर लोकांना गरजच नाही असं धरून पैसा परत जायचा, आणि त्याबरोबर या कामावर नेमलेल्या रादोस्तिनची नोकरी. लोकांना विचारायची ही रीत ज्यानं काढली त्यानं लोक कधी पाहिलेच नसणार. फळ्याखाली कुलूपबंद पेटी, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. पेन पहिल्याच दिवशी गेलं. दोरी दुसऱ्या दिवशी.

लोकांनी केलं ते एवढंच, की आपापली मेलेली माणसं आणून नकाशावर चिकटवली. माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो आणि ठळक नाव छापलेला कागद लावायचा. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी, लावणारा कुणी शिल्लक असेपर्यंत. कामेनकमध्ये खिडक्यांतून दिसणाऱ्या चेहऱ्यांपेक्षा भिंतींवरचे चेहरे जास्त. त्यातले अर्धे आता नकाशावर आले होते.

"दुसरीकडे लावा ना," रादोस्तिन म्हणाला. "झाडं आहेत, बस थांबा आहे."

"बस थांब्यावर कोण येतं? बस तरी येते का?"

बस बंद झाली तिथूनच त्सोंकाचं दुखणं सुरू झालं होतं. येन्चोनं मरताना हट्ट धरला, की मला लिपोवोच्या टेकडीवर आईशेजारी ठेवा. जन्मभर माझ्या हातचं गिळलं आणि निजायला आईकडे गेला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. टेकडीवर दोन्ही गावांची दफनभूमी. तिथं जायला चिकणमातीचा गाडीमार्ग, पाऊस पडला की गुडघाभर. एकदा ती अर्ध्या वाटेत रुतून बसली आणि ट्रॅक्टरवाल्यानं तिला मुळ्यासारखी उपटून काढली. त्यानंतर येन्चोकडे जायचं म्हणजे आभाळाची परवानगी. आणि ही नवी वाट नकाशात टेकडी सोडून खाली नदीकाठानं जात होती.

"नदीकाठानं कशाला?" तिनं विचारलं.

"बगळे दिसतात तिथून."

 त्सोंकानं ब्रश डब्यात बुडवला.

"बगळ्याकडे जायला वाट आणि येन्चोकडे जायला चिखल. टेकडीवरून ने की रे पोरा."

"तसं लिहून पेटीत टाका, आजी."

"लावलंय की. तो आहे तिथंच लावलंय."

म्हातारीचं डोकं फिरलंय असं रादोस्तिनला वाटलं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं कळलं नाही की त्याला असंच वाटतं.

तो सरपंचाकडे गेला. ग्रोझ्दान सरपंचानं आधी कॉफी मागवली, मग सांगितलं, की मेलेल्यांना मत नसतं हे खरं, पण प्रत्येक मेलेल्यामागे एक जिवंत घर असतं आणि निवडणूक तोंडावर आहे. तरी त्यानं माणुसकी म्हणून मेलेल्यांसाठी वेगळा फळा करून दिला, वर पत्र्याचं छप्पर घालून. त्यावर एकही फोटो लागला नाही. लोक पाव घ्यायला दुकानात येतात, मुद्दाम दुःख बघायला लांब कोण जाईल, असं दुकानदारीण म्हणाली.

रादोस्तिन रोज खरवडत राहिला आणि गाव रोज चिकटवत राहिलं. शेवटच्या दिवशी त्यानं पेटी उघडली. आत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती, चांगली मूठभर.

तो दुकानाच्या पायरीवर बसला. महिनाभर त्यानं नकाशा नाकाला टेकवून पाहिला होता. लांबून आज पहिल्यांदाच पाहिला. शहरातली बाग मोकळी होती. नदीकाठ मोकळा, बगळे मोकळे, राखीव वन मोकळं. सगळे चेहरे लिपोवोच्या टेकडीवर दाटीवाटीनं उभे होते. येन्चो त्याच्या आईला खेटून होता, तिच्याकडे किंचित कलून.

त्यानं पट्टी खिशात घातली. मग उठून नकाशाचा फोटो काढला आणि राजधानीत, सोफियातल्या मुख्य कार्यालयाला पाठवून दिला. सोबत एकच ओळ लिहिली, की आलेल्या हरकती नकाशावरच आहेत, ज्या जागेबद्दल आहेत त्या जागेवर.

सोफियातल्या कार्यालयात फोटो नीट बघायची पद्धत नाही. तिथल्या कुणीतरी ठळक अक्षरातली नावं उतरवून घेतली. एका ठिकाणाहून एवढ्या हरकती आल्या तर समितीनं जातीनं जाऊन हरकतदारांचं म्हणणं ऐकावं, असा नियम निघाला. रादोस्तिननं घाबरून फोन केला आणि हे सगळे हरकतदार वारलेले आहेत असं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, दौरा मंजूर झालाय, आता वारले म्हणून रद्द करता येणार नाही.

समितीत तिघं होते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. गाडी गाडीमार्गाच्या तोंडाशीच थांबली आणि पुढे सगळे पायी. एकजण अर्ध्यातून परतला, दुसऱ्यानं एका कुंपणाला मिठी मारली आणि तो तिथंच राहिला. टेकडीवर पोचल्या त्या फक्त अध्यक्षबाई, निकोलेता मॅडम. त्यांचा एक बूट मातीनं ठेवून घेतला होता. मागून रादोस्तिन नकाशा आणि नावांचा कागद सांभाळत येत होता.

त्सोंका कबरीपाशी बसून होती. वरच्या शेतातल्या माणसानं तिला पहाटे घोड्यावर घालून आणलं होतं. अंगावर ठेवणीतला काळा कोट होता. समोरच्या छोट्या टेबलावर मेलेल्याच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं, वर साखर आणि अक्रोड, शेजारी राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली.

मॅडमनी श्वास आवरला, चष्मा पुसला आणि कागद मागितला.

"येन्चो दिमोव कोण?"

त्सोंकानं दगडाकडे बोट केलं.

मॅडमनी दगड वाचला. शेजारचा वाचला. मग कागदावरची पुढची नावं आणि पुढचे दगड, एकेक करून. त्यांचा चेहरा हळूहळू दफ्तरातून माणसात आला. रादोस्तिन ढगांकडे बघत राहिला.

"हे... हे सगळे असेच आहेत का?"

"सगळे हजर आहेत," त्सोंका म्हणाली. "बस बाई. गहू खा. देव त्याला क्षमा करो, म्हण आणि खा."

मॅडम कबरीशेजारच्या बाकावर बसल्या. एक चमचा खाल्ला आणि म्हणायचं ते पुटपुटल्या. त्सोंकानं राकियाचे दोन थेंब मातीवर सांडले आणि उरलेला पेला मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. मोजा पिळला. खाली उताराकडे बघितलं. कुंपण धरलेला माणूस अजून तिथंच होता.

"परत जायला दुसरी वाट नाही का, आजी?"

त्सोंकानं गव्हाचं भांडं त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

"अजून नाही काढलीत तुम्ही."

मॅडमनी चमचा पुन्हा भरला. मग रादोस्तिनकडे न बघताच त्याच्यापुढे हात केला आणि म्हणाल्या, "पेन्सिल."