नऊ नावं

"टेप घट्ट धर," साउ मावशी म्हणाल्या आणि वाकून भिंतीपर्यंत गेल्या. तिसऱ्यांदा मोजत होत्या. खोली तेवढीच भरली.

"माळा धरला तर?" मी विचारलं. आम्ही तिघं माळ्यावरच झोपतो.

"माळा धरत नाहीत. झोपता तुम्ही वर, सरकार मोजतं खाली."

साउ मावशी आमच्या घरमालकीण. बुटांच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्यांच्या सहा खोल्या. नवा नियम आल्यापासून प्रत्येक भाडेकरूचं नाव मालकानं फोनवरून वॉर्डात नोंदवायचं, आणि प्रत्येक नावामागे आठ चौरस मीटर जागा दाखवायची. मावशींच्या कागदावर जागा बहात्तर चौरस मीटर, म्हणजे नऊ नावं. राहत होतो सतरा. गल्लीत कॉलेजात गेलेली मी एकटीच, त्यामुळे ती नऊ नावं गेल्या वर्षी मीच भरली होती. माझं आणि नवऱ्याचं आधी.

मीतचं भरलं नव्हतं, कारण माझी लेक तेव्हा बेन्त्रेला माझ्या आईकडे वाढत होती. इथल्या सगळ्यांचीच पोरं गावाला वाढतात. तेतच्या, नव्या वर्षाच्या सणानंतर आई वारली आणि मी मीतला घेऊन आले. आता ती सहा वर्षांची झाली. शाळेचे अर्ज शुक्रवारी बंद होणार होते, आणि वॉर्डात नाव नसलेलं मूल शाळा घेत नव्हती. मागे पाठवावं तर मागे कुणी नव्हतं.

"एक नाव काढावं लागेल, मावशी. फात कुठे राहतो इथे? दोन वर्षं झाली त्याला सासरी जाऊन."

"उद्या रस्ता रुंद झाला तर भरपाई नाव बघून मिळते, क्वेन. माझ्या पोराचं काढू? त्यापेक्षा तुझं काढते, चालेल?"

"मग कुणाचं?"

"फोन तुझ्या हातात आहे. मला अडाणी बाईला त्यातलं काय कळतं." आणि त्या दारातल्या भूमिदेवापुढे काळी कॉफी ठेवायला निघून गेल्या.

यादी माझ्यासमोर उघडी होती. सातवं नाव लुआ आजीचं. एकोणीस वर्षं त्या शेवटच्या खोलीत राहतात, एकट्या, आणि लॉटरीची तिकिटं विकतात. त्यांना वाचता येत नाही. कारखान्यातून मला उशीर झाला की मीतला कणीचा भात त्याच भरवतात. महिन्याच्या महिन्याला वॉर्डाच्या दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्या आणतात. त्या गोळ्या या पत्त्यावर मिळतात, हे मला माहीत होतं. तो अर्जही मीच भरला होता.

नाव काढताना त्या माणसाच्या फोनवर सहा आकडे येतात. मी त्यांच्या खोलीत गेले.

"आजी, मीतच्या शाळेचं काम आहे. तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तेवढा सांगा."

आकडे त्यांना पाठ असतात, तिकिटांमुळे. फोन लांब धरून त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. "शून्य, चार, सात, एक, तीन, नऊ." मग हसल्या. "शेवटी एकोणचाळीस. धनाच्या देवाचा आकडा गं पोरी. याचं तिकीट मिळालं तर मीतसाठी ठेवते."

मी बटण दाबलं. गुरुवारी मीतचं नाव लागलं. शुक्रवारी शाळेनं अर्ज घेतला.

पुढच्या महिन्यात लुआ आजी दवाखान्यातून रिकाम्या हातानं आल्या. मी ओट्यावर भाजी निवडत होते. त्या शेजारी बसल्या आणि माझ्यासमोरच्या दोन जुड्या ओढून घेऊन देठं मोडायला लागल्या.

"तिथली नर्स म्हणे तुमचं नाव या वॉर्डात नाही, गावाला जाऊन घ्या. कुठलं गाव घेऊन बसलीय ती. तिच्या जन्माआधी सोडलं मी."

"मी बघते, आजी. काहीतरी चूक झाली असेल," मी म्हणाले.

त्यांनी उरलेली देठं मोडली. मग म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, क्वेन. मोजता येतं. नऊच नावं होती ना? मीतचं लागलं, तेव्हाच मोजलं मी."

पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. एरवी मी पोरी असायचे.

रविवारी सकाळी वॉर्डाची दोन माणसं तपासणीला येणार असल्याचा निरोप आला. साउ मावशी दारोदार सांगत फिरल्या, "नाव नसलेल्यांनी तासभर फिरून या. दंड झाला तर माझ्याकडून वसूल करतील आणि मी तुमच्याकडून." खोल्या रिकाम्या झाल्या. कुणी बाजारात गेलं, कुणी देवळात. लुआ आजींनी आपलं प्लास्टिकचं स्टूल आणि तिकिटांची पाटी उचलली आणि समोर उसाच्या गाड्याजवळ, दारापासून दहा पावलांवर जाऊन बसल्या.

आलेल्या दोघांतल्या अधिकाऱ्यानं यादीवर खुणा केल्या. मीतच्या नावापाशी थांबून तिच्या गालाला हात लावला, "शाळेत जाणार ना?" ती लाजून माझ्यामागे लपली. जाताना तो गाड्यापाशी रसासाठी थांबला, आणि त्यानं आजींच्या पाटीवरचं एक तिकीट उचललं.

"शेवटी एकोणचाळीस. चांगलं आहे. आजी, कुठे राहता तुम्ही?"

"लांब," लुआ आजी म्हणाल्या. "इथे नुसती विकायला येते."

मीत मागून पुढे आली आणि ओरडली, "आजी, घरी चल ना." अधिकाऱ्यानं वळून पाहिलं. मी तिचा दंड धरला. लुआ आजींनी आमच्याकडे बघितलं, एखाद्या परक्या दाराकडे बघावं तसं, आणि पाटी उचलून पुढच्या गिऱ्हाइकासमोर धरली.