रडणारीचं नाक

पाय.
आधी मूर्तीचे पाय केले. काउंट उबाल्दो सेराविनी ईलमासे खाऊन खाऊन मेला, पण थडग्यावर त्याला रोमन वीर व्हायचं होतं. वीर अनवाणी असतात. त्याच्या अंगठ्याला संधिवाताची गाठ होती. ती वगळली.

कापड.
अंगावर एक चादर. त्याची आई, काउंटेस प्रुडेन्झा, म्हणाली, "हा स्वर्गात चाललाय की न्हाणीतून निघालाय?"
"वीर असेच हिंडत, बाईसाहेब."
"थंडीत?"
मग हुकूम सुटला: शेजारी अस्थिकलशाला मिठी मारून सून रडते आहे, असं करा. "चेहरा हुबेहूब तिचाच हवा. उद्या तिला 'ही मी नव्हेच' म्हणायला जागा नको."

चेहरा.
सून, म्हणजे काउंटची विधवा एर्सिलिया, विशी नुकतीच ओलांडलेली. दुसऱ्या दिवशी एकटीच माझ्या कारखान्यात आली.
"उस्ताद, वकील गालेआत्सो मला मागणी घालणारेत. मृतांच्या दिवशी अख्खं बोलोन्या कबरस्तानात लोटतं. तिथे मी कायमची रडत बसलेली दिसले, तर कोण लग्न करेल माझ्याशी? एकदा बसले की उठायची सोय नाही हो!"
"संगमरवर असता तर नाइलाज होता," मी म्हणालो.
(आमच्याकडे संगमरवर दुरून आणावा लागतो. म्हणून उमराव चुन्यात अमर होतात, वरून फक्त चकाकी.)
"हा चुना आहे. चुन्याचं मन वळवता येतं."

नाक.
त्या चेहऱ्यावर सासूचं नाक बसवलं. पोपटाच्या चोचीसारखं, अस्सल घराण्याचं. सासू पाहायला आली. चष्मा चढवला.
"हे नाक कुणाचं?"
"आपलंच, बाईसाहेब. तरुणपणचं. सूनबाईंच्या नाकात घराणं काही उतरेना."

"कसं उतरेल? बटाटा आहे तो!" ती मूर्तीभोवती फिरली. मग हळूच म्हणाली, "मान... माझी मान याहून लांब होती."
मान लांब केली.

पुन्हा नाक.
मृतांच्या दिवशी एर्सिलिया वकिलाच्या हातात हात घालून आली. मूर्तीपुढे फुलं ठेवली.
"आईसाहेब, हे रडणं तुम्हालाच शोभतं."
"शोभणारच. तुला कुठे धड रडता येत होतं?" सासूने वकिलाकडे पाहिलं. "न्या हिला."

कान.
दमट हवेत चुना झडतो. दरवर्षी पानगळीत म्हातारी मला नाक दुरुस्त करायला बोलावते. काउंटचे दोन्ही कान केव्हाच गळालेत. त्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.