सोंघाईच्या लढाईत मी पळालो नाही

मी एक म्हातारा तांबडा बैल आहे. माझं एक शिंग मोडलेलं आहे, गुडघे दुखतात, आणि राग मात्र अजून तरुण आहे. मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीतले बैल फार गरीब स्वभावाचे असतात. ते राबतात, थकतात आणि सगळ्यांना क्षमा करतात. मी तसला बैल नाही. मला सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला. ज्या लढाईत घेतला ती मुळात आफ्रिकेत झाली होती, म्हणून गोष्ट जरा लांबून सांगावी लागेल.

माझा जन्म चिखली तालुक्यातल्या एका गावात, हिंमतरावांच्या गोठ्यात झाला. त्याच महिन्यात शेजारच्या दावणीला हरण्या जन्मला. हिंमतरावांची बायको मंजुळाबाई आम्हा दोघांना सरकीची ढेप भिजवून हाताने चारायची. पुढे आम्हाला वेसण घातली, गाडीला जुंपलं. जुवाखाली हरण्या डावीकडे, मी उजवीकडे. तो एक पाऊल टाकायचा आणि माझं आपोआप पडायचं. चिखलीच्या बाजारात लोक थांबून आमची जोडी बघायचे. हिंमतराव मिशीवर हात फिरवायचे, जणू आमचे खूर त्यांनीच घडवले होते!

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. भादव्यात हिंमतरावांनी मुगाची पोती गाडीत भरली आणि आम्हाला चिखलीच्या रस्त्याला लावलं. वाटेतल्या नाल्याला पूर होता. हरण्या काठावर थांबला. त्याला पाण्याचा जोर कळला होता. मीही थांबलो. हिंमतरावांनी तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, आमच्या पुठ्ठ्यात खुपसली. आम्ही उतरलो. मध्यावर गाडी कलली, तशी हिंमतरावांनी कासरा सोडला आणि काठाकडे उडी टाकली. कासरा सुटल्यावर गाडी प्रवाहाबरोबर आडवी झाली. माझ्या गळ्याचं जोतं, म्हणजे जुवाला बांधलेला पट्टा, तुटलं म्हणून मी वाचलो. हरण्या जुवाखाली अडकला. त्याचं नाक दोनदा वर आलं, मग आलंच नाही.

हे पाहायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. गावात येऊन हिंमतरावांनी सांगितलं, "बैल बुजले! हरण्यानं गाडी सरळ पुरात नेली. म्या काय करू?"

लोकांनी मान डोलावली. बैल बुजतो, हे सगळ्यांना पटतं. माणूस बुजला हे कुणाला सुचत नाही. ज्याने काठावर थांबून शहाणपण दाखवलं, त्या हरण्यालाच गाव मूर्ख म्हणू लागलं. मीही बुजरा ठरलो. बुजऱ्या बैलाशी जोडी कोण लावणार? मला खळ्यातल्या निंबाला बांधून ठेवलं. संक्रांतीनंतरच्या बाजारात मला खाटकाला देऊन टाकायचं ठरलं होतं. मी तिथे उभा राहून दिवसभर रवंथ करायचो आणि एकाच माणसाचा विचार करायचो.

आमच्या खळ्याला लागूनच शाळा. शाळेची खोली एकच, म्हणून शेषराव गुरुजी संमेलनाच्या नाटकाची तालीम खळ्यात घ्यायचे. बाकीच्या शाळा शिवकालीन नाटकं बसवत. गुरुजींना कुठून तरी सोंघाईच्या साम्राज्याचं वेड लागलं होतं. काळ्या माणसांनी एवढं मोठं राज्य चालवलं, हे पोरांना कळलंच पाहिजे, असं ते म्हणत.

तालमी ऐकून ऐकून ते राज्य मला पाठ झालं. आफ्रिकेच्या पश्चिमेला नायजर नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी गाओ हे राजधानीचं शहर. सोन्नी अली नावाच्या राजाने नावा आणि घोडेस्वार घेऊन आजूबाजूची शहरं जिंकली. तो गेल्यावर त्याचा सेनापती मुहंमद याने राजाच्या मुलाला हरवून गादी घेतली आणि अस्किया ही पदवी लावली. वाळवंटातून उंटांवर मिठाच्या लाद्या यायच्या, दक्षिणेकडून सोनं यायचं, आणि दोन्हींवर सोंघाईचा हात. टिंबक्टू शहरात पंडितांची आणि पुस्तकांची गर्दी. गुरुजी हे सांगायला लागले की पोरं मला शेण टाकायलासुद्धा उसंत देत नसत, सगळी माझ्याभोवती येऊन बसत.

पण मला आवडायचा तो पुढचा भाग. अस्किया मुहंमद म्हातारा आणि आंधळा झाला, तेव्हा त्याच्याच मुलाने त्याला गादीवरून खाली ओढलं. नंतर त्याला नदीतल्या एका बेटावर नेऊन टाकलं. पुढे भाऊ भावाला मारत राहिले. राज्य वरून सोन्याचं आणि आतून पोखरलेलं. मोठ्या माणसाची माती झालेली ऐकली की मला चारा गोड लागायचा. खोटं कशाला बोलू?

मग शेवट. मोरोक्कोच्या सुलतानाने वाळवंट ओलांडून बंदुका असलेली फौज पाठवली. तोंदिबी नावाच्या जागी लढाई झाली. सोंघाईची फौज कितीतरी मोठी, पण हाती भाले आणि तिरकमठे. म्हणून त्यांनी गुरांचा मोठा कळप पुढे घातला. गुरांनी शत्रूला तुडवावं आणि माणसांनी मागून यावं, असा बेत. बंदुकांचे आवाज झाले, गुरं उलटी फिरली आणि आपल्याच सैन्यात घुसली, असं सांगतात. साम्राज्य कोसळलं.

नाटकात यावर राजाचं एक वाक्य होतं, "गुरांनी घात केला!" आणि राजाचं काम करत होते हिंमतराव. शाळा समितीचे ते अध्यक्ष, फेटा त्यांचा, पडदा त्यांचा, मग राजा दुसरा कोण होणार? ते वाक्य ते छातीवर हात मारून असं म्हणायचे की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मित्रांनो, त्या गुरांना बंदुकीपुढे कुणी उभं केलं? भावाभावांनी राज्य पोखरलं, ते कुणाच्या खात्यावर? पावणेचारशे वर्षं झाली, तरी दोष गुरांचाच. नाला असो की नायजर, माणसांचं एकच ठरलेलं.

गुरुजींना लढाईसाठी खरे बैल हवे होते. लोकांनी आपापले बैल द्यायचं कबूल केलं. हिंमतराव माझ्याकडे बोट दाखवून हसले. "ह्याले घ्या, गुरुजी. पयाच्या कामाले असाच बुजरा पाहिजे. बाकीचे पयतीन का नाई सांगता येत नाई, हा नक्की पयते."

म्हणजे मी पळावं म्हणून माझी निवड झाली होती. त्या क्षणी मला माझा सूड सापडला. शिंग मारायचं नव्हतं. लाथही मारायची नव्हती. फक्त उभं राहायचं होतं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी सगळं गाव शाळेपुढच्या मैदानात जमलं. एका बाजूला मोरोक्कोची पोरं लाकडी बंदुका घेऊन उभी. त्यांच्यामागे कडूबा रखवालदार बसला होता. पिकातली रानडुकरं हाकलायला त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती. तिच्यात नुसती दारू भरून त्याने ती आभाळाकडे रोखली होती. तालमीत ती कधी वाजवली नव्हती. दुसऱ्या बाजूला पडदा, पडद्यापुढे आम्ही बैल, आणि आमच्यामागे पत्र्याची तलवार उपसून हिंमतराव.

"चला माझ्या शूर गुरांनो, तुडवा त्या दुष्टांना!" राजा ओरडला. मागून पोरांनी आम्हाला हाकललं. आम्ही चार पावलं गेलो, आणि कडूबाने बंदूक उडवली.

आवाज असा झाला की निंबावरचे सगळे कावळे उडाले. बाकीचे बैल गर्रकन फिरून मैदानाच्या कडेला पळाले. मलाही पळावंसं वाटलं, फार वाटलं. पण मला पाण्यावर आलेलं ते नाक दिसत होतं. मी खूर मातीत रोवले आणि मैदानाच्या मधोमध उभा राहिलो.

धूर विरला. मैदानात मी होतो. राजा नव्हता. फेटा जमिनीवर पडला होता, त्याच्या शेजारी तलवार, आणि पडद्याखाली दोन पाय कापत होते.

गुरुजी पडद्यापाशी गेले. ते हळूच म्हणाले, "हिंमतराव, तुमचं वाक्य."

पडद्यामागून आवाज आला, "गुरांनी घात केला!"

आधी कडूबा हसला. मग पोरं, मग बाया, मग सगळं गाव. कुणीतरी ओरडलं, "अबे, बैल उभा हाये अन् राजा पयाला!" हिंमतराव पडदा सरकवून बाहेर आले, तेव्हा हसणाऱ्या बायांतून मंजुळाबाई उठून उभी राहिली होती. ती हसत नव्हती.

"हा तं बंदुकीले बुजला नाई," ती म्हणाली. "मंग नाल्यावर कोन बुजलं होतं?"

हिंमतरावांनी फेटा उचलला, झटकला आणि ते घराकडे चालू लागले. बाजाराच्या दिवशी ते मला सोडायला आले, तर मंजुळाबाई दाव्यापाशी उभी. "बैल गेला तं मीबी माहेरी जातो," एवढंच ती म्हणाली. मी राहिलो.

तुम्हाला वाटेल, झाला सूड. मला तसं वाटत नव्हतं. गाव हसलं होतं, पण हरण्याच्या नावावरचा डाग कुणी पुसला नव्हता.

पोळा आला. माझी शिंगं रंगवली, पाठीवर झूल चढवली, तोरणाखालून मिरवून दारात आणलं. गल्लीत शेजारी जमले होते, गुरुजीही होते. हिंमतरावांनी माझे पाय धुतले आणि पुरणपोळी तोंडापुढे धरली. मी तोंड फिरवलं. ते त्या बाजूला आले, मी या बाजूला फिरवलं. पोळ्याला बैल जेवल्याशिवाय आमच्या घरात कुणी ताटावर बसत नाही. ऊन कललं. घरातली लेकरं उंबऱ्यात येऊन बसली. हिंमतरावांच्या कपाळावर घाम आला.

"काऊन खात नाई बे तू?" ते पुटपुटले.

मंजुळाबाई म्हणाली, "त्याले काय पाहिजे, थे तुमाले ठावं हाये."

हिंमतराव माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "हरण्या बुजला नवता." मी मान झटकली. मला ते ठाऊकच होतं, ऐकायचं होतं ते गावाने.

पोळी हातात तशीच धरून ते सरळ झाले. मग गल्लीकडे तोंड केलं. "हरण्या बुजला नवता!" त्यांचा आवाज फाटला. "तो काठावर थांबला होता, मीनंच त्याले पान्यात घातला. मीच भेलो. कासरा सोडून उडी टाकली. तो बुडून राह्यला होता अन् मी काठावर उभा राहून पाहत होतो."

मंजुळाबाईने डोळ्याला पदर लावला, दुसरी पोळी आणली आणि माझ्यापुढे धरली. मी तिच्या हातची खाल्ली. मग घर जेवलं.

मित्रांनो, आमची निगा राखा, वेळेवर चारापाणी द्या, तुतारी टोचू नका, हे तर सांगायचंच आहे. पण त्याआधी एक ऐका. तुम्ही घाबरलात तर घाबरलो म्हणा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या नावावर ती भीती टाकू नका. सोंघाईच्या गुरांची बाजू कुणी विचारली नाही आणि हरण्याची मला एवढ्या उशिरा मांडता आली.

हिंमतराव आता म्हातारे झालेत. दर पोळ्याला ते काठी टेकत येतात, माझ्यापुढे पोळी धरतात आणि वाट बघतात. मी दर पोळ्याला तोंड फिरवतो.