गायरानातली ओल

एप्रिलच्या भर दुपारी भूम तालुक्यातलं एक अख्खं गाव गायरानात लोटलं होतं. मधोमध जमिनीतलं पाणी शोधणारा पाणीबाबा तळहातावर नारळ आडवा धरून डोलत होता; पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, असं तो सांगायचा. एका जागी नारळ ताडकन उभा राहिला.

"खणा! गंगामाय वर आलीय!" बाबा किंचाळला.

दोन फुटांवर माती ओली लागली. गार, चिंब. हिंदू-मुसलमान सगळेच ती कपाळाला लावू लागले.

जमिलाबी कडेला एकटीच उभी होती. ती गावाच्या पाणी समितीची अध्यक्ष. पावसाचं पाणी अडवायला समितीनं याच गायरानात चर खोदायला घेतले होते. चाळीस बाया रोज यायच्या. महिन्याखाली बाबा आला नि म्हणाला, "धरतीला जखमा करता, म्हणून पाणी रुसलंय. गायरान माझ्या मठाला द्या, बारमाही झरा काढून देतो." तेव्हापासून खोदायला ती एकटीच. नवरा वारलेला, लेक परंड्याला नांदायला. वाटेत बाया तोंड फिरवून जायच्या. सख्खा दीर चाँदपाशासुद्धा म्हणाला होता, "भाभी, बाबाच्या आडवं जाऊ नका."

सरपंच श्रीमंतरावांनी आवाज चढवला. "ग्रामसभा इथंच झाली समजा. गायरान मठाला. कुणाची हरकत?"

"माझी हाय," जमिलाबी म्हणाली. "शेजारची विहीर दर सोमवारी म्याच मोजते. साठ फुटांवर कोरडी ठण्ण हाय. मग दोन फुटांवर ओल कुठनं आली?"

"बाई, ही श्रद्धेची गंगा! तुला न्हाय मोजता यायची!" बाबा गरजला. लोक हसले.

ती खड्ड्यात उतरली. मातीनं बोटं आखडली. एवढ्या उन्हात जमीन इतकी गार? तळहाताला लाकडाचा भुसा चिकटला होता. तिनं कड उकरली, तसं गोणपाट लागलं आणि त्यात वितभर बर्फ.

"अगं बया, ही तर बर्फाची लादी!" कपाळाला माती लावलेली लीला ओरडली. तीही आधी चर खोदायला यायची.

लोकांनी घेरताच बाबाचा चेला पंचाक्षरी चाचरत म्हणाला, "सकाळी म्याच पुरली... बाबांनी सांगितलं म्हणून."

जमिलाबीनं आणखी हातभर खणलं. खाली नुसता फुफाटा. मग नारळ उचलला, कोरड्या खडकावर उभी राहिली, बोटं हळूच वाकवली. नारळ उभा राहिला.

"बघा, या खडकातबी पाणी हाय म्हणायचं का? बाबांनो, दिसलं ते तपासून बघा. माझं बोलणंसुद्धा तपासा."

बाबा जीपकडं पळाला. ठराव बारगळला, गायरान गावाचंच राहिलं. पण कुणी तिच्याशी बोललं नाही. फसल्याच्या लाजेचा राग तिच्यावरच निघाला. चाँदपाशा मान खाली घालून निघून गेला.

एकटी लीला मागं थांबली. "भाभी, मलाबी पहिल्यापासनं बाबाची शंका होती. म्या बोलले न्हाय."

"बोलली असतीस," जमिलाबी म्हणाली, "तर महिनाभर आपण दोघी असतो."

शंका सगळ्यांनाच येते. ती बोलून दाखवा. विचारणाऱ्याला एकटं पाडू नका.